तळटीप : कातकरी स्त्रियांची ‘सरकारी सोय’

* ग्रंथकर्त्याने भोर-वेल्ह्याच्या डोंगरपट्ट्यातील कातकरी स्त्रियांची सरकारने ‘सर्व सोय लावली’ असे ओझरते विधान केले आहे, त्यास थोडी पुस्ती जोडणे अवश्य आहे. केंद्र सरकारने विशेष दुर्बल म्हणून पृथक् नोंदविलेल्या ७५ आदिम जमातींत महाराष्ट्रातील कातकरी, कोलाम व माडिया गोंड या तिघींचा अंतर्भाव होतो, आणि १५ नोव्हेंबर २०२३ रोजी आरंभिलेल्या ‘पीएम-जनमन’ योजनेत त्यांच्या घरकुलांस दोन लक्ष रुपयांचे अनुदान मिळते, हे खरे. परंतु स्त्रीच्या दृष्टीने अधिक मोलाची तरतूद २००६ च्या वनहक्क कायद्याची होय. कारण ज्या वरकस उतारावर तिने पावसात वाकून नाचणी-वरई लावली, त्या वनजमिनीचा हक्क विवाहितांच्या बाबतीत पति-पत्नी उभयतांच्या नावे संयुक्तपणे नोंदला जावा, असे त्यातील कलम ४(४) निःसंदिग्धपणे फर्मावते. दप्तरात नाव चढते; व्यवहारात मात्र दिवाळीनंतर वीटभट्टीची वा कोळसाभट्टीची उचल बहुधा नवऱ्याच्या हाती पडते आणि फेडीचे श्रम जोडीने होतात, मग १९७६ चा वेठबिगारी निर्मूलनाचा कायदा काही का म्हणेना! शिवाय अनुसूचित जमातीच्या दाखल्यास १९५० पूर्वीचा पुरावा, तोही पित्याच्या कुळाचा, मागितला जातो. पावसाळ्यापुरतीच गावी टेकणाऱ्या भूमिहीन घराण्याने तो कोणत्या खतावणीतून काढावा, हे मामलेदार कचेरीनेच सांगावे. — संपादक