धानाच्या बांधीवरचे विमान आणि १९३३ चा कायदा

१/ धानाची कापणी आटोपली की भंडारा जिल्ह्यातील बांध्या मोकळ्या होतात. दूरनियंत्रित लहान विमान उडवण्यास ही जागा उत्तम. परंतु ते कोणत्या रेडिओ लहरींवर उडवावे, या साध्या भासणाऱ्या निवडीमागे शतकाहून अधिक काळाचा इतिहास उभा आहे.

२/ आरंभ १८९८ चा. निकोला टेस्ला याने न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये तारेविना चालणारी छोटी नाव दाखवली. पुढे १९३७ मध्ये अमेरिकेतील वॉल्टर आणि विल्यम गुड या जुळ्या भावांनी ‘गफ’ हे विमान रेडिओच्या साहाय्याने उडवले. ते आज स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

३/ भारतात मात्र त्यापूर्वीच एक भिंत उभी राहिली होती. १९३३ च्या भारतीय बिनतारी तारायंत्र कायद्यानुसार परवान्याविना बिनतारी यंत्र जवळ बाळगणे हाच गुन्हा ठरला. यंत्र वापरले की नाही, हा प्रश्नच उरला नाही.

४/ सत्तेला प्रक्षेपकाची धास्ती का वाटत होती, हे १९४२ च्या मुंबईने दाखवून दिले. ‘छोडो भारत’ आंदोलनात उषा मेहता आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ४२.३४ मीटरवर गुप्त काँग्रेस रेडिओ चालवला. पकडले जाऊ नये म्हणून केंद्राची जागा वारंवार बदलली जाई. अखेर १२ नोव्हेंबर १९४२ रोजी पोलिसांनी ते पकडलेच.

५/ योगायोग असा की त्याच वर्षी, ११ ऑगस्टला, अभिनेत्री हेडी लमार आणि संगीतकार जॉर्ज अँथाइल यांना अमेरिकेत एक पेटंट मिळाले. शत्रूला टॉर्पेडोचे नियंत्रण बिघडवता येऊ नये, यासाठी ८८ लहरींवर क्रमाने उड्या मारणारा संदेश त्यांनी कल्पिला होता. मुंबईत जागा बदलत होती. येथे लहरच बदलणार होती.

६/ स्वातंत्र्यानंतरही कायदा टिकला, किंबहुना कठोर झाला. १९४९ च्या दुरुस्तीने विनापरवाना प्रक्षेपक बाळगणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकत. विमान उडवू पाहणाऱ्या विद्यार्थ्याच्या हातातील पेटीही अखेर प्रक्षेपकच होती.

७/ जुन्या पद्धतीत तांत्रिक अडचणही मोठी होती. अमेरिकेत ७२, युरोपात ३५, तर अनेक देशांत २७ मेगाहर्ट्झ पट्टा वापरात असे. प्रत्येक संचात ठरावीक लहरीचा स्फटिक बसवलेला. एकाच मैदानावर दोघांनी एकच लहर चालू केली, तर आकाशातील विमान क्षणात बेताल होऊन कोसळे. म्हणून क्लबांत फळ्यावर लहरीची खूण अडकवल्याशिवाय पेटी सुरू करू देत नसत.

८/ २००५ हे वळणाचे वर्ष. २८ जानेवारीच्या अधिसूचनेने भारत सरकारने २.४ ते २.४८३५ गिगाहर्ट्झ पट्ट्यातील कमी शक्तीची उपकरणे परवान्यातून मुक्त केली. प्रक्षेपकाची कमाल शक्ती १ वॅट, आणि अँटेनासह प्रभावी शक्ती ४ वॅट. त्याच वर्षी २७ मेगाहर्ट्झचा नागरी पट्टाही काही अटींवर खुला झाला.

९/ मग निवड कोणती? २७ मेगाहर्ट्झची लहर सुमारे ११ मीटर लांब. त्यामुळे पेटीवर लांबलचक अँटेना, आणि त्याच पट्ट्यातील खेळणी व बोलक्या रेडिओंचा अडथळा. २.४ गिगाहर्ट्झची लहर जेमतेम साडेबारा सेंटिमीटर, अँटेना बोटाएवढी. ग्राहक आपल्याच प्रक्षेपकाची ओळख जपतो आणि अनेक संच लहरींवर उड्या मारत चालतात. शेजारच्या बांधीत दुसरे विमान असले तरी भय उरत नाही.

१०/ मात्र या लहरीला मोकळी दृष्टिरेषा हवी. आंब्याची गर्द राई किंवा तळ्याची उंच पाळ आड आली की संकेत क्षीण होतो. कार्बन फायबरच्या सांगाड्यात अँटेना झाकली, तरी तेच घडते. म्हणून उड्डाणापूर्वी पेटी कमी शक्तीवर ठेवून जमिनीवरच पल्ला तपासण्याची रीत आहे.

११/ लहर मुक्त झाली म्हणून आकाश मुक्त झाले असे नव्हे. २०२१ च्या ड्रोन नियमांनी हवाई क्षेत्राची हिरवी, पिवळी आणि लाल अशी विभागणी केली. जवाहरनगरच्या आयुध निर्माणीसारखे संरक्षण कारखाने ज्या जिल्ह्यात आहेत, तेथे नकाशा आधी पाहणे अगत्याचे.

१२/ १९४२ मध्ये प्रक्षेपक चालवल्याबद्दल उषा मेहतांना कारावास भोगावा लागला. आज तशीच एक पेटी हाती घेऊन भंडाऱ्यातील विद्यार्थी बांधावर निर्धास्त उभा राहू शकतो. तो स्वाधीन झालेल्या लहरींचा वारसदार आहे.