बेब झहारियस : खेळ, चरितार्थ आणि घर

खेळ हा ज्याचा चरितार्थ नाही तोच खरा खेळाडू, अशी एक समजूत एकोणिसाव्या शतकातील इंग्लंडात रूढ झाली आणि तेथून ती खेळांबरोबरच इतर देशांत पसरली. हौसेने खेळतो तो हौशी, पैसे घेऊन खेळतो तो धंदेवाईक. आणि ह्या दुसऱ्या शब्दाला चिकटलेली अवहेलना पुष्कळ काळ पुसली गेली नाही. मैफिलीत गाऊन बिदागी घेणाऱ्या स्त्रीकडे आपल्याकडील घरंदाज समाज एके काळी ज्या नजरेने पाहत असे, तशीच ही नजर होती. ज्याच्या घरी कशाची ददात नाही त्याला हा भेद शोभून दिसे. परंतु अंगी असामान्य कौशल्य आणि घरी पैशाची ओढ, अशा माणसाने काय करावे? आणि ते माणूस स्त्री असेल तर? अमेरिकेतील बेब डिड्रिकसन झहारियस हिचे पंचेचाळीस वर्षांचे आयुष्य ह्या प्रश्नाशी झगडण्यात गेले.

तिचा जन्म २६ जून १९११ रोजी टेक्सास राज्यातील पोर्ट आर्थर ह्या बंदरात झाला. ओले आणि हाना हे तिचे आईबाप नॉर्वेहून येऊन तेथे स्थायिक झाले होते. बाप जहाजावर सुतारकाम केलेला. पुढे तो लाकडी सामानाला झिलई देण्याचे काम करी. सात भावंडांत हिचा क्रमांक सहावा. कुटुंब लवकरच जवळच्या बोमाँट गावी राहावयास गेले. घरात पैसा बेताचा. तथापि बापाने मुलांसाठी परसात व्यायामाची साधने आपल्या हातांनी उभी करून दिली होती. शेजाऱ्यांच्या अंगणांभोवतालची झुडपांची कुंपणे एकामागून एक ओलांडीत धावणे, ही ह्या मुलीची अडथळ्यांच्या शर्यतीची पहिली शाळा. शाळेबाहेरच्या वेळात तिने अंजीर भरण्याच्या कारखान्यात काम केले आणि बटाट्यांची पोतीही शिवली. खेळ आणि मजुरी ह्या दोन गोष्टी तिच्या बालपणापासून अशा हातात हात घालून चालत आल्या.

१९३० साली डॅलस येथील एका विमा कंपनीने तिला टंकलेखिका म्हणून नोकरी दिली. पगार महिना ७५ डॉलर. काम नावाचे कचेरीतले. खरे काम कंपनीच्या बास्केटबॉल संघातून खेळण्याचे. पगारातील काही भाग ती घरी धाडीत असे. दोन वर्षांनी, १६ जुलै १९३२ रोजी, इलिनॉय राज्यातील इव्हान्स्टन येथे राष्ट्रीय मैदानी स्पर्धा झाल्या. त्यांत कंपनीचा संघ म्हणून ती एकटी उतरली. आठ स्पर्धांत तिने भाग घेतला. पाचांत ती निर्विवाद पहिली आली आणि सहाव्या स्पर्धेत पहिल्या जागेची वाटेकरी ठरली. तिचे गुण झाले तीस. दुसऱ्या आलेल्या संघात बावीस मुली होत्या आणि त्यांचे सर्वांचे मिळून गुण होते बावीस. त्यानंतर लॉस एंजेलिसच्या ऑलिंपिक सामन्यांत भालाफेकीत आणि ८० मीटर अडथळ्यांच्या शर्यतीत तिने सुवर्णपदके मिळविली. उंच उडीत पहिल्या आलेल्या जीन शायली हिच्याइतकीच उंची गाठूनही उडीची पद्धत नियमात बसत नाही असे पंचांनी ठरविल्यामुळे तिला रौप्यपदकावर समाधान मानावे लागले. एका स्त्रीला तीनच स्पर्धांत उतरता येईल असा नियम त्या वेळी होता. नाही तर पदकांची संख्या आणखी वाढली असती असे मानण्यास जागा आहे.

सत्काराच्या मिरवणुका संपल्यावर मात्र पोटाचा प्रश्न होता तेथेच राहिला. तो काळ अमेरिकेतील महामंदीचा. त्याच वर्षाच्या अखेरीस एका मोटारीच्या जाहिरातीत तिचे नाव आणि चित्र झळकले, आणि हौशी खेळाडूंच्या नियामक संस्थेने तिला निलंबित केले. पुढे ते निलंबन उठले. पण तोवर तिनेच तो मार्ग सोडला होता. शिकागोच्या रंगभूमीवर माउथ ऑर्गन वाजवून आणि फिरत्या पट्ट्यावर धावून तिने लोकांची करमणूक केली. स्वतःच्या नावाचा बास्केटबॉल संघ घेऊन ती गावोगाव हिंडली. लांब दाढ्या राखणाऱ्या एका धर्मपंथाच्या बेसबॉल संघातूनही ती खेळली. पैसा मिळाला, परंतु ऑलिंपिक विजेतीची गणना आता तमाशाच्या वस्तूत होऊ लागली होती. वृत्तपत्रांतून तिच्या पुरुषी बांध्याची टवाळी होई. स्त्रियांसाठी धंदेवाईक मैदानी खेळ असा त्या काळी अस्तित्वातच नव्हता. ज्या स्त्रीला खेळाखेरीज दुसरी विद्या अवगत नव्हती तिच्यापुढे फारशा वाटा उरल्या नव्हत्या.

अशा वेळी ती गोल्फकडे वळली. विस्तीर्ण हिरवळीवर ठरावीक अंतराने असलेल्या अठरा खळग्यांत काठीच्या फटक्यांनी चेंडू ओळीने घालीत जावयाचे, आणि ज्याला कमीत कमी फटके लागतील तो जिंकला, असा हा खेळ. ऐकावयास सोपा, परंतु मनाची स्थिरता त्यात पदोपदी कसाला लागते. बेब हिने दिवसाकाठी शेकडो चेंडू मारण्याचा सराव ठेवला. हातांची कातडी सोलून निघाली की पट्ट्या बांधाव्या आणि पुन्हा सुरू करावे. एप्रिल १९३५ मध्ये ह्यूस्टन येथे टेक्सास राज्याची हौशी स्त्रियांची स्पर्धा भरली. गोल्फचे क्लब म्हणजे श्रीमंतांची मिरास. ट्रकवाल्यांच्या मुली आपल्या स्पर्धेत नकोत, असा शेरा प्रतिस्पर्धी गोटातून निघाला. सुताराच्या मुलीने ती स्पर्धा जिंकली. परंतु काही आठवड्यांतच अमेरिकन गोल्फ संघटनेने निर्णय दिला की, हिने इतर खेळांत पैसे घेतलेले असल्यामुळे गोल्फमध्येही हिला हौशी मानता येत नाही. धंदेवाईक स्त्रियांना खुल्या असलेल्या स्पर्धा देशात दोनतीनच होत्या. म्हणजे दार अर्धवट उघडून पुन्हा लावण्यात आले. जीन साराझेन ह्या नामांकित गोल्फपटूबरोबर प्रदर्शनाचे सामने खेळत फिरणे, एवढेच तिच्या हाती राहिले.

ह्या कोंडीतून सुटका झाली ती विवाहामुळे. जानेवारी १९३८ मध्ये लॉस एंजेलिस येथील पुरुषांच्या स्पर्धेत ती उतरली असता तिच्या तुकडीत जॉर्ज झहारियस नावाचा एक मल्ल होता. त्याचे मूळ नाव थिओडोर व्हेटोयानिस. कोलोरॅडोतील प्वेब्लो गावच्या ग्रीक कुटुंबातला. कुस्तीच्या आखाड्यात प्रेक्षकांची करमणूक करून त्याने चांगली माया जमविली होती. स्पर्धेत दोघेही मागे पडली. पण परिचय वाढत गेला आणि २३ डिसेंबर १९३८ रोजी सेंट लुई येथे त्यांचा विवाह झाला. दोघेही परदेशांतून आलेल्या गरीब कुटुंबांतील, दोघांनीही शरीराच्या बळावर पोट भरलेले. एकमेकांची भाषा त्यांना समजावून सांगावी लागली नाही.

ह्या विवाहाचा एक व्यावहारिक परिणाम मोठा बोलका आहे. पतीची मिळकत पुरेशी असल्यामुळे बेब हिला आता पैसे न घेता राहणे परवडू लागले. हौशी हा दर्जा परत मिळावा म्हणून तिने अर्ज केला. त्यासाठी तीन वर्षे खेळापासून कोणतीही कमाई न करता काढावी लागणार होती. ती तिने काढली, आणि जानेवारी १९४३ मध्ये तिला पुन्हा हौशी म्हणून मान्यता मिळाली. ज्या दर्जाला गुणांची कसोटी समजले जाई तो मुळात पैशाने विकत घ्यावयाची वस्तू होती, हे ह्याहून स्पष्ट कशाने होणार? कौशल्य तेच, हात तेच. बदलले होते ते एवढेच की घरखर्च दुसरे कोणी चालवीत होते.

१९४५ च्या उन्हाळ्यात इंडियानापोलिस येथे स्पर्धा चालू असताना तिची आई लॉस एंजेलिस येथे अत्यवस्थ झाल्याची वार्ता आली. युद्धकाळामुळे विमानात जागा मिळेना. आई गेली. घरच्यांनी तिला खेळ पुरा करण्यास सांगितले. तिने तो पुरा केला, जिंकला, आणि मगच ती आईच्या अंत्यविधीसाठी गेली. पुढल्या वर्षी तिने अमेरिकेची हौशी स्त्रियांची स्पर्धा जिंकली. १९४७ साली स्कॉटलंडमधील गलन येथे ब्रिटिश स्त्रियांच्या स्पर्धेत ती विजयी झाली. १८९३ पासून चालत आलेल्या त्या स्पर्धेत तोवर एकाही अमेरिकन स्त्रीला यश आले नव्हते. हौशी खेळातील सर्वोच्च सन्मान असे हाती आले. आणि त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये तिने हौशी दर्जा स्वखुषीने सोडून दिला. पूर्वी तिला धंदेवाईक ठरविण्यात आले होते. आता ती आपण होऊन धंदेवाईक झाली.

परंतु एकटीने धंदेवाईक होऊन भागत नाही; धंदाही असावा लागतो. १९५० साली तेरा स्त्रियांनी मिळून धंदेवाईक गोल्फपटू स्त्रियांची संघटना स्थापन केली. बेब ही त्यांपैकी एक. पॅटी बर्ग ही पहिली अध्यक्ष झाली. पुढे काही काळ ते पद बेबकडेही होते. पहिल्या वर्षी चौदा स्पर्धा आणि सर्व मिळून सुमारे ५०,००० डॉलरची बक्षिसे, असा तो संसार होता. ह्या स्त्रिया स्वतः मोटारी हाकीत गावोगाव जात आणि स्पर्धेची पुष्कळशी व्यवस्थाही स्वतःच पाहत. लोक येत ते मुख्यतः बेबला पाहण्यासाठी. ती हे जाणून होती आणि बोलूनही दाखवी. सहकारिणींना तिची ही आत्मप्रौढी खुपत असे. तथापि तिच्या नावावर जमलेल्या गर्दीतून इतरांचीही उपजीविका चालत होती, हे नाकारता येत नाही.

घराची गोष्ट इतकी सरळ राहिली नाही. जॉर्जने कुस्ती सोडून पत्नीच्या सामन्यांचा व्यवहार हाती घेतला. फ्लोरिडातील टॅम्पा येथे त्यांनी गोल्फचे एक मैदान विकत घेतले. त्याला पुढे तिचेच नाव देण्यात आले. मूल झाले नाही. वर्षाचा बराच काळ प्रवासात जाई, आणि नवराबायकोतील ओढ हळूहळू सैल होत गेली. १९५० नंतरच्या वर्षांत बेटी डॉड नावाची टेक्सासमधील तरुण गोल्फपटू तिची निकटची सोबतीण झाली आणि त्यांच्या घरीच राहू लागली. बेबच्या १९५५ सालच्या आत्मकथनात जॉर्ज पुष्कळ आहे, बेटी थोडी. सुसान केलेफ ह्यांच्या १९९५ साली प्रसिद्ध झालेल्या चरित्राने मात्र ह्या सोबतीला आयुष्याच्या जोडीदाराचे स्थान दिले. वृत्तपत्रांनी जिला पुरुषी म्हणून हिणविले होते, तिला गृहिणीचे चित्र जगापुढे ठेवणे भाग होते. खेळ विकला जाण्यासाठी तेही हवे होते.

एप्रिल १९५३ मध्ये बोमाँट येथे स्वतःच्या नावाने भरलेली स्पर्धा तिने जिंकली आणि लगेच तिला आतड्याचा कर्करोग झाल्याचे निष्पन्न झाले. शस्त्रक्रियेने मलविसर्जनासाठी पोटावर मार्ग करावा लागला. रोग ग्रंथींपर्यंत पोहोचला आहे हे डॉक्टरांनी जॉर्जला आणि बेटीला सांगितले. तिला सांगितले नाही. इस्पितळात तिच्या खोलीत खाट टाकून बेटी राहिली. ज्या काळी कर्करोगाचे नाव घेतानाही लोक आवाज खाली आणीत, त्या काळी बेब हिने आपला आजार वृत्तपत्रांना सांगितला. चौदा आठवड्यांनी ती शिकागोच्या स्पर्धेत उतरली. पुढल्या वर्षी, जुलै १९५४ मध्ये, मॅसॅच्युसेट्समधील पीबडी येथे अमेरिकेची खुली स्पर्धा तिने तिसऱ्यांदा जिंकली आणि तीही बारा फटक्यांच्या अंतराने. अखेरच्या दिवशी एकाच दिवसात छत्तीस खळगे खेळावे लागत. हजारो रुग्णांना ह्या बातमीने औषधाइतकाच आधार दिला असेल.

१९५५ साली रोग उलटला. त्या वर्षाच्या नाताळात ती फोर्ट वर्थ येथे बोवेन दांपत्याच्या घरी होती. मैदान एकदा डोळ्यांनी पाहावे अशी इच्छा तिने बोलून दाखविली, तेव्हा त्यांनी तिला मोटारीने तेथे नेले. रात्रीच्याच वेषात ती उतरली, हिरवळीपर्यंत चालत गेली, वाकून तिने गवतावर तळहात ठेवला आणि ती परत फिरली. २७ सप्टेंबर १९५६ रोजी गॅल्व्हस्टन येथील इस्पितळात तिचे देहावसान झाले. त्या दिवशी राष्ट्राध्यक्ष आयझेनहॉवर ह्यांनी पत्रपरिषदेच्या आरंभी तिला श्रद्धांजली वाहिली. २०२१ साली अमेरिकेने तिला मरणोत्तर स्वातंत्र्यपदक दिले.

पदके आणि विक्रम ह्यांची यादी मोठी आहे, पण विक्रम मोडले जातात. तेरा स्त्रियांनी उभी केलेली ती संघटना मात्र टिकली. तिच्या स्पर्धांत नंतरच्या काळात अनेक देशांतील, भारतातीलही, स्त्रिया खेळल्या. आपल्या कौशल्याचे मोल मागताना त्यांना कोणापुढे तीन वर्षे बिनकमाईची काढून दाखवावी लागली नाहीत.