ताणकण
उष्णता, विषाणुसंसर्ग, ऑक्सिडीकरण अशा ताणात पेशीद्रवात जमणारे आरएनए व प्रथिनांचे पटलरहित पुंजके. प्राणिपेशीत बहुधा ईआयएफ-२ घटकाच्या आल्फा उपघटकाला फॉस्फेट जोडला जातो, प्रथिननिर्मितीचा आरंभ अडतो आणि मोकळे झालेले संदेशवाहक आरएनए जी३बीपी१सारख्या प्रथिनांसह एकवटतात. ताण सरला की पुंजके विरघळतात व आरएनए पुन्हा कामाला लागू शकतात. ही प्रत्यावर्तिता विलक्षण आहे. लुट्झ नोव्हर व सहकाऱ्यांनी १९८३ मध्ये टोमॅटोच्या पेशींत उष्णताघात-कण वर्णिले. सस्तन पेशींतील यंत्रणा नॅन्सी केडेर्शा व पॉल अँडरसन यांनी १९९९ मध्ये उलगडली. वनस्पतींत यूबीपी१ व आरबीपी४७ ही प्रथिने ताणकणांत आढळतात.