निस्सिम : एका नावाची वाटचाल

मराठी वाचकाच्या कानाला ‘निस्सिम’ हे नाव परके वाटत नाही. निस्सीम भक्ती, निस्सीम त्याग असे शब्दप्रयोग आपल्या अंगवळणी पडलेले असल्यामुळे, ज्याला सीमा नाही तो निस्सीम, असा अर्थ मनात आपोआप उमटतो. मुंबईचे कवी निस्सिम इझिकेल यांचे नाव प्रथमच ऐकणाऱ्यास ते संस्कृतातून आलेले असावे असे वाटले, तर त्यात नवल नाही. उर्दू काव्याशी ज्याचा परिचय आहे, त्याला ‘नसीम’ म्हणजे वाऱ्याची झुळूक आठवेल. वस्तुतः या दोन्ही शब्दांशी या नावाचा संबंध नाही. ते हिब्रू नाव आहे आणि त्याचा अर्थ आहे ‘चमत्कार’, तोही अनेकवचनी. ध्वनीचे हे साम्य केवळ योगायोगाचे होय. मात्र हे नाव मराठी बोलणाऱ्या घरांत येऊन पोहोचले, तो योगायोग नव्हे. त्यामागे अनेक शतकांचा आणि अनेक बंदरांचा इतिहास आहे.

या नावाचे मूळ ‘नेस’ या शब्दात आहे. बायबलच्या हिब्रूमध्ये ‘नेस’ म्हणजे निशाण, किंवा दुरून दिसावा असा उभारलेला खांब. रानात सर्पदंशाने लोक मरू लागले तेव्हा मोशेने पितळेचा सर्प घडवून ज्या खांबावर लावला, त्या खांबालाही हाच शब्द वापरला आहे. चमत्कार या अर्थी बायबलात दुसरे शब्द येतात. पुढे धर्मशास्त्रींच्या हिब्रूत ‘नेस’चा अर्थ पालटला. जे सर्वांना दिसावे म्हणून उंच धरले जाते ते निशाण, आणि ज्यात ईश्वराचा हात सर्वांना दिसतो ती घटना म्हणजे चमत्कार, अशी या अर्थांतराची संगती लावता येते. ‘नेस’चे अनेकवचन ‘निस्सिम’. हनुक्का आणि पुरिम या दोन सणांच्या प्रार्थनेत ‘अल हनिस्सिम’, म्हणजे ‘त्या चमत्कारांबद्दल’, या शब्दांनी आरंभ होणारा कृतज्ञतेचा परिच्छेद म्हणतात. तेव्हा हे नाव बायबलातील कोणा पुरुषाचे नाही. ते प्रार्थनेच्या भाषेतून माणसाला चिकटलेले आहे.

अनेकवचनी शब्दाचे नाव ठेवणे आपणास विचित्र वाटेल. पण हिब्रूत अशा नावांचे एक कुळच आहे. ‘हाएम’ म्हणजे जीवन आणि ‘राहामिम’ म्हणजे दया, हे शब्दही रूपाने अनेकवचनीच आहेत. या नावांमध्ये पूर्वजांच्या स्मरणापेक्षा आईबापांची प्रार्थना अधिक असते. गंभीर आजारी माणसाला ‘हाएम’ यासारखे जादा नाव देऊन मृत्यूला चुकवावे, अशी रूढी ज्यू समाजात होती. आपल्याकडे मुले जगत नसली की पुढच्या मुलाचे नाव दगडू किंवा धोंडू ठेवीत, त्यामागची व्याकुळता याच जातीची. फरक इतकाच की आपल्या आया मुलाला क्षुद्र नावाआड लपवीत आणि तेथे देवाच्या कृपेलाच मुलाचे नाव करीत.

ज्यांच्यामुळे या नावाला प्रतिष्ठा लाभली, त्यांत दोन विद्वान प्रमुख होत. अकराव्या शतकात उत्तर आफ्रिकेतील कैरवान येथे निस्सिम बेन याकोब हे मोठे धर्मशास्त्रज्ञ होऊन गेले. संकटानंतर होणाऱ्या सुटकेच्या कथांचा एक संग्रह त्यांनी ज्यूंच्या अरबी बोलीत सिद्ध केला. या विषयाच्या कथासंग्रहांची परंपरा अरबी साहित्यात रूढ होती. तिचा साचा त्यांनी आपल्या धर्मकथांसाठी वापरला. चौदाव्या शतकात बार्सिलोना येथे निस्सिम बेन रऊबेन यांनी धर्मशास्त्रावर टीका लिहिली. नावाच्या आद्याक्षरांवरून ‘रान’ या संक्षिप्त नावाने ज्यू विद्यार्थी आजही त्यांना ओळखतात. 1348 च्या महामारीने स्पेनमधील ज्यू वस्त्या उजाड केल्या, तो काळ त्यांच्याच हयातीतला.

1492 मध्ये स्पेनच्या राजसत्तेने ज्यूंना देशाबाहेर घालविले. त्यांतील अनेकांना तुर्की साम्राज्यात आसरा मिळाला आणि इस्तंबूल, सलोनिका, इझमीर या शहरांत त्यांच्याबरोबर हे नावही रुजले. या सेफार्दी ज्यूंमध्ये नातवाला आजोबांचे नाव देण्याची प्रथा असल्यामुळे एकदा घरात आलेले नाव पिढ्यान्‌पिढ्या टिकत असे. जर्मनी, पोलंड, रशिया येथील अश्कनाझी ज्यूंमध्ये मात्र ते विरळाच आढळते. एकाच धर्माच्या दोन शाखांत एक नाव येथे घरोघरी आणि तेथे दुर्मिळ असावे, यावरून नावाची लोकप्रियता धर्मावर कमी आणि स्थलांतराच्या वाटांवर अधिक अवलंबून असते, हे ध्यानात येते.

या प्रथेचे एक करुण उदाहरण पॅरिसमध्ये आहे. इस्तंबूलच्या कामोंदो या सावकार घराण्यातील मोईझ यांनी आपल्या मुलाला आजोबांचे निस्सिम हे नाव दिले. हा तरुण फ्रेंच वैमानिक म्हणून लढताना 1917 मध्ये मारला गेला. पित्याने कलावस्तूंनी भरलेला आपला वाडा राष्ट्राला अर्पण केला, तो मुलाचे नाव त्याला द्यावे या अटीवर. 1936 मध्ये तेथे संग्रहालय सुरू झाले. पुढे महायुद्धात मोईझ यांची कन्या, जावई आणि दोन्ही नातवंडे आउश्वित्झच्या छळछावणीकडे पाठविली गेली आणि त्यांतील कोणीही परतले नाही. घराणे संपले, दारावर ‘चमत्कार’ हा शब्द उरला.

आता कोकणाकडे वळू. कुलाबा, म्हणजे आजच्या रायगड जिल्ह्यात पिढ्यान्‌पिढ्या तेलघाणे चालविणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे बेने इस्राएल ‘शनिवार तेली’ म्हणून ओळखले जात. त्यांची मातृभाषा मराठी. गावावरून पडलेली केहिमकर, दिवेकर, पेणकर ही त्यांची आडनावे इतर कोकणस्थांच्या आडनावांसारखीच. त्यांची जुनी पुरुषनावे बायबलातील असली, तरी मराठी जिभेने त्यांना आपले वळण दिले होते. मुंबईतील त्यांचे पहिले प्रार्थनामंदिर 1796 मध्ये बांधणारे सॅम्युएल इझिकेल दिवेकर हे समाजात सामाजी हसाजी दिवेकर म्हणून परिचित होते. म्हणजे सॅम्युएलचा सामाजी झाला आणि इझिकेलचा हसाजी. त्या मंदिराचे हिब्रू नाव ‘शार हाराहामिम’, दयेचे द्वार. त्यातही तो अनेकवचनी शब्द आहेच.

सामाजी आणि हसाजी यांच्या पंक्तीत निस्सिम सहज बसत नाही. बायबलच्या स्मृतीवर टिकलेल्या या समाजाच्या जुन्या सणावळीत हनुक्का नव्हता. अर्थात त्या सणाची, चमत्कारांचे आभार मानणारी प्रार्थनाही नसणार. एकोणिसाव्या शतकात ही स्थिती पालटली. कोचीनहून ज्यू शिक्षक आले. बगदादच्या ज्यू व्यापाऱ्यांनी मुंबईत पेढ्या थाटल्या. डेव्हिड ससून हे 1830 च्या दशकाच्या आरंभी येथे स्थायिक झाले. मिशनऱ्यांच्या शाळांत बेने इस्राएल मुले हिब्रू शिकू लागली आणि जॉन विल्सन यांनी मराठीतून हिब्रूचे व्याकरण लिहिले. हाएम सॅम्युएल केहिमकर यांनी 1875 मध्ये समाजासाठी शाळा काढली आणि पुढे समाजाचा इतिहासही लिहिला. या मंथनात ‘जी’ लावलेली नावे हळूहळू मागे पडली आणि हिब्रू नावे मूळ रूपात घरोघरी आली. निस्सिम हे नाव या नव्या शिक्षणाच्या आणि सहवासाच्या वाटेने आले असावे, असे अनुमान करण्यास जागा आहे.

1924 मध्ये मुंबईत जन्मलेल्या निस्सिम इझिकेल यांच्या नावात हे दोन्ही थर एकत्र दिसतात. इझिकेल म्हणजे पूर्वीच्या मराठीतला हसाजी आणि निस्सिम म्हणजे नंतर आलेली प्रार्थना. ते इंग्रजीत लिहीत. 1983 मध्ये त्यांना साहित्य अकादमीचा पुरस्कार मिळाला. इंदिरा संतांच्या मराठी कवितांच्या इंग्रजी अनुवादातही ते सहभागी होते. 2004 मध्ये त्यांचे निधन झाले.

1948 नंतर बहुसंख्य बेने इस्राएल इस्राएलला गेले. 2011 च्या जनगणनेत भारतातील ज्यूंची संख्या पाच हजारांच्याही आत भरली. तिकडेही या नावाचे दिवस सरत आले. बगदाद, इझमीर, कैरोहून आलेल्या पिढीत ते विपुल होते. परंतु त्या देशात जन्मलेल्या आईबापांना लाट, दव, आनंद अशा अर्थांची छोटी, नवी नावे आवडू लागली आणि निस्सिम हे आजोबांचे नाव होऊन बसले.

म्हणूनच या नावाचा मराठी अर्थ लावून समाधान मानणे बरे नव्हे. ‘निस्सीम’ म्हणून ते आपले म्हटले की कैरवान, बार्सिलोना, इस्तंबूल, बगदाद ही सारी गावे पुसली जातात आणि त्यांबरोबर नवगाव, पेण, अलिबागच्या घाण्यांवर राबलेली माणसेही. या नावाचे मराठीशी असलेले नाते शब्दकोशात शोधून सापडणार नाही. मुलाला ते नाव ठेवून त्याला मराठीत हाक मारणारी माणसे येथे होती, आणि थोडी का होईना, अजूनही आहेत. ते नाते त्यांच्यापाशी आहे.