स्पॅनिशमधून जर्मनमध्ये तांत्रिक अनुवाद करणारा माणूस कसा शोधायचा?

मी गोंदियाचा. आमच्याकडे राइस मिल भरपूर, त्यामुळे मशीनशी खेळ नको हे लहानपणापासून ऐकत आलोय. मागच्या महिन्यात जर्मनीतल्या मामेभावाचा फोन आला. त्याच्या कारखान्यात स्पेनहून जुनं पॅकिंग मशीन आलंय, पण माहितीपुस्तिका फक्त स्पॅनिशमध्ये. "तू दिवसभर मोबाइलवरच असतोस ना, जर्मनमध्ये करून देणारा शोध!"

आधी वाटलं, अ‍ॅपमध्ये टाकलं की झालं. पण स्पॅनिशमध्ये ‘बोम्बा’ म्हणजे पंप आणि बॉम्बसुद्धा. ‘गातो’ म्हणजे मांजर आणि गाडी उचलायचा जॅकसुद्धा. आपला बंदुकीचा घोडा कुठे चारा खातो? अ‍ॅप बऱ्याचदा बरोबर सांगतं. पण ‘हात घालू नका’मधला ‘नका’ एकदा जरी सुटला, तर बोटं जातील.

मग मी असं शोधलं:

१. मातृभाषा बघा. अनुवाद ज्या भाषेत करायचा, ती अनुवादकाची मातृभाषा असलेली बरी. म्हणजे इथे जर्मन.

२. योग्य ठिकाणी शोधा. बीडीयू ही जर्मनीतल्या अनुवादक-दुभाष्यांची १९५५ पासूनची संघटना. तिच्या साइटवर भाषा आणि विषय निवडून सदस्य शोधता येतात. प्रोझ डॉट कॉमवरही तशी सोय आहे.

३. विषय विचारा. कविता उत्तम करणारा गिअरबॉक्सही समजेल असं नाही. यंत्रांचं आधी कोणतं काम केलंय, ते विचारा.

४. नमुना घ्या. सुरक्षा-सूचनांचं एक पान पैसे देऊन करून घ्या आणि मशीन चालवणाऱ्यालाच वाचायला द्या.

५. दुसरी नजर हवीच. आयएसओ १७१०० या मानकानुसार अनुवाद दुसऱ्या जाणकाराने मूळ मजकुराशी ताडून तपासावा लागतो. ते कोण करणार, हे आधीच ठरवा.

६. दर समजून घ्या. जर्मनीत बरेच जण ओळीवर पैसे घेतात. एक ओळ म्हणजे साधारण ५५ अक्षरं, मधल्या मोकळ्या जागा धरून. काही जण शब्दावर घेतात. तुलना करताना हिशेब एकाच मापात आणा.

आणि हो, कंपनीची परवानगी नसताना तिची कागदपत्रं फुकटच्या अ‍ॅपमध्ये टाकू नका.

भावाला मी तीन नावं पाठवली. नमुन्याचं पान मशीनवाल्यांनी वाचलं, त्यांना जे नीट समजलं त्याला काम मिळालं. अ‍ॅप मी अजूनही वापरतो, पण हॉटेलचा मेनू वाचायला!