साडी कर्करोग

कमरेच्या एकाच रेषेवर वर्षानुवर्षे परकराची नाडी, धोतर किंवा लुगडे काचत राहिल्याने उद्भवणारा त्वचेचा कर्करोग. मुंबईच्या टाटा मेमोरियल रुग्णालयातील विकृतिशास्त्रज्ञ वसंत खानोलकर व बी. सूर्याबाई यांनी 1945 मध्ये ‘धोतर कर्करोगा’ची नोंद केली. पुढे साडी नेसणाऱ्या स्त्रियांतही तो आढळला. 2024 मध्ये वर्धा आणि बिहारमधील डॉक्टरांनी अशा दोन वयस्क स्त्रियांची माहिती प्रसिद्ध केली. त्यांतली एक परकर न घालता लुगडे नेसत असे. तिचा रोग जांघेतील लसिकाग्रंथीपर्यंत पोचला होता.

हा रोग विरळा आहे, पण दुर्लक्षाने बळावतो. आधी कातडी काळवंडते, जाड होते, खाजते. घाम, धूळ आणि घर्षण यांनी ती फाटते, भरते, पुन्हा फाटते. शेवटी न भरणारी, उंच कडांची जखम उरते. जुन्या भाजल्याच्या व्रणावरही असेच घडते. त्याला मार्जोलिन व्रण म्हणतात.

निदान बायोप्सीने होते. भोवतालच्या थोड्या निरोगी कातडीसह गाठ काढणे हा मुख्य उपचार. गरजेनुसार त्वचारोपण व किरणोपचार करतात.

त्वचेच्या इतर कर्करोगांबाबतही सावध राहावे. सावळ्या त्वचेतील मेलॅनिन हे रंगद्रव्य उन्हापासून बरेच संरक्षण देते, मात्र तळपायाला किंवा नखाखाली होणाऱ्या मेलॅनोमा या त्वचेच्या कर्करोगापासून नाही. तिथला वाढता काळा डाग डॉक्टरांना दाखवायलाच हवा.

नाडीऐवजी रुंद पट्टा वापरावा, गाठ सैल ठेवावी, तिची जागा बदलावी. कमरेची जखम महिनाभरात भरली नाही, तर बीदर जिल्ह्यातील हळ्ळीखेड (बी) परिसरातील रुग्णांनी बीदरच्या शासकीय रुग्णालयात किंवा कलबुरगीतील किदवाई कर्करोग केंद्रात तपासून घ्यावे.