भ्रमणध्वनीचा ऋणानुबंध

आमच्या लहानपणीं प्रत्येक घराला एक ठरलेला वाणी असे, ठरलेला गवळी असे आणि ठरलेला सोनार असे. महिनाअखेरीस पैसे थकले तरी वाणी बोलत नसे, आणि सणाच्या तोंडावर साखर दुर्मिळ झाली तर आपल्या नेहमींच्या गिऱ्हाइकापुरती तो मागें काढून ठेवी. या एकनिष्ठेचा मोबदला आणे-पैंत मांडतां येत नसे. पण तो खरा होता, कारण दोन्हीं बाजूंस माणसें होतीं. हीच सवय घेऊन आमचा मध्यमवर्ग भ्रमणध्वनीच्या बाजारांत उतरला. "आम्ही पहिल्यापासून याच कंपनीचे" असें अभिमानानें सांगणारीं कुटुंबें माझ्या परिचयाचीं आहेत. या निष्ठेनें त्यांचे चार पैसे वांचले काय?

आपल्याकडील मोबाइलचा इतिहास ३१ जुलै १९९५ या दिवसापासून धरतात. त्या दिवशीं पश्चिम बंगालचे मुख्यमंत्री ज्योति बसु यांनीं कलकत्त्याहून दिल्लीस केंद्रीय दळणवळणमंत्री सुखराम यांच्याशीं संभाषण केलें. त्या काळीं गर्दीच्या वेळीं मिनिटास सोळा रुपयांहून अधिक आकार पडे, आणि दुसऱ्यानें केलेला फोन नुसता घेतला तरी घेणाऱ्याच्याच पदरचे पैसे जात. घंटी वाजतांच नंबर पाहून फोन तोडावयाचा आणि मग घरच्या तारेच्या फोनवरून उलट बोलावयाचें, ही युक्ति त्याच दिवसांतली. मुंबई, दिल्ली, कलकत्ता व मद्रास या चार शहरांत प्रत्येकीं दोन कंपन्यांसच परवाने मिळाले होते. एकीला सोडलें तर दुसरी, तिसरी नव्हतीच. अशा स्थितींत निष्ठा हा गुण म्हणावा कीं निरुपाय, हें ज्याचें त्यानें ठरवावें.

पुढें दर उतरले, आणि कल्पनेपलीकडे उतरले. १९९९ च्या नव्या दूरसंचार धोरणानें ठराविक परवानाशुल्काऐवजीं उत्पन्नांतील हिस्सा घेण्याची पद्धति आणली, त्यामुळें कंपन्यांना श्वास घेण्यास अवसर मिळाला. २००१-०२ च्या सुमारास सरकारी कंपन्या या क्षेत्रांत आल्या, २००२ च्या अखेरीस रिलायन्स आली, आणि १ मे २००३ पासून येणारा फोन फुकट झाला. २००९ सालीं टाटा डोकोमोनें सेकंदास एक पैसा असा हिशेब सुरू केल्यावर इतरांनाही मिनिटाची मोजणी सोडणें भाग पडलें. या पायऱ्या बारकाईनें पाहिल्या तर ध्यानांत येतें कीं, प्रत्येक उतार सरकारी नियमामुळें किंवा नव्या प्रतिस्पर्ध्याच्या भयानें आलेला आहे. जुन्या गिऱ्हाइकाच्या निष्ठेवर प्रसन्न होऊन कोणा कंपनीनें दर उतरविल्याचें एकही उदाहरण मला आढळलें नाहीं.

तथापि जिला आपण निष्ठा म्हणतों ती वस्तुतः कंपनीवर नव्हतीच. ती नंबरावर होती. दुकानाच्या पाटीवर, लग्नपत्रिकेवर, बँकेच्या खात्यांत, गांवच्या मामाच्या वहींत एकच दहा आंकडी संख्या लिहिलेली. ती बदलली म्हणजे अर्धे संबंध तुटले. कंपनी बदलावी तर नंबर जाई, म्हणून माणूस मुकाट्यानें राही. ही बेडी २५ नोव्हेंबर २०१० रोजीं प्रथम हरियाणांत आणि २० जानेवारी २०११ रोजीं सर्व देशांत तुटली. नंबर तोच ठेवून कंपनी बदलण्यास १९०० या क्रमांकावर एक संदेश धाडावयाचा आणि १९ रुपये भरावयाचे, इतकेंच. (हें शुल्क पुढें सहा रुपये शेचाळीस पैशांवर आलें.) ३ जुलै २०१५ पासून एका परिमंडळांतून दुसऱ्यांत जातांनाही नंबर सोबत नेतां येऊं लागला. माझ्या मतें या इतिहासांतील ही सर्वांत मोठी घटना. पण तिची आठवण फारशी कोणी काढीत नाहीं.

तिचा परिणाम मीं स्वतः अनुभविला. एका कंपनीकडे मी तेरा वर्षें होतों. त्या अवधींत तिनें माझी कधीं विचारपूस केली नाहीं. एकदां चिडून तो संदेश धाडला मात्र, दुसऱ्या दिवशीं एका अत्यंत गोड आवाजानें मला अशा दराची योजना देऊं केली कीं जी कोणत्याही जाहिरातींत नव्हती. अशा खासगी सवलती ही कांहीं माझ्या एकट्याची गोष्ट नव्हे. नियामक संस्थेनें २०१८ सालीं त्यांचा तपशील मागितला, त्यावर वाद माजला, आणि नोव्हेंबर २०२० मध्यें सर्वोच्च न्यायालयानें तो तपशील संस्थेस देण्याचा आदेश दिला. निघूं पाहणाऱ्यास पेढा आणि राहणाऱ्यास पाठ, असा हा व्यवहार.

इंग्लंडांत तर या प्रकाराला "लॉयल्टी पेनल्टी", म्हणजे निष्ठेचा दंड, असें नांवच पडलें आहे. तेथें हँडसेटची किंमत मासिक बिलांत घालून करार करतात. कराराची मुदत संपून हँडसेट फिटला तरी बेसावध गिऱ्हाइकाकडून तेंच बिल चालू राही. सिटिझन्स अॅडव्हाइस या संस्थेनें सप्टेंबर २०१८ मध्यें याविरुद्ध रीतसर तक्रार केली, आणि फेब्रुवारी २०२० पासून मुदत संपत आल्याची सूचना गिऱ्हाइकास देणें कंपन्यांस सक्तीचें झालें. आपल्याकडे बहुतेक सर्वजण आधीं पैसे भरणारे, त्यामुळें या रूपाचा दंड आपल्याला बसत नाहीं. आपला दंड निराळा. २००५ च्या सुमारास ९९९ रुपयांत "लाइफटाइम" म्हणून जीं कार्डें विकलीं गेलीं, तीं घेऊन अनेक वृद्ध, मोलकरणी, रखवालदार निश्चिंत झाले होते. फोन करणें नाहीं, फक्त यावयाचा. २०१८ च्या अखेरीस मोठ्या खासगी कंपन्यांनीं २८ दिवसांस किमान ३५ रुपये भरण्याची अट घातली, आणि आयुष्यभराचें वचन महिन्याच्या आंत आलें. हीं सर्वांत एकनिष्ठ गिऱ्हाइकें. त्यांचाच हिशेब सर्वांत आधीं मिटविला गेला.

मग राहणाऱ्याचे पैसे मुळींच वांचले नाहींत काय? वांचले, परंतु ते सोडून जाणाऱ्यांनीं वांचविले. ५ सप्टेंबर २०१६ रोजीं जिओ आली आणि लोक लोटले, तेव्हां जुन्या कंपन्यांनीं उरलेल्यांचेही दर पाडले. आमच्या शेजारचे एक निवृत्त मुख्याध्यापक जागचे हालले नाहींत, तरी त्यांचें बिल निम्म्यावर आलें. तें आपल्या निष्ठेचें फळ होय, असें ते अद्याप समजतात.

पण त्याच लोंढ्यांत एअरसेल बुडाली, टेलिनॉर व टाटांचा मोबाइल व्यवसाय विकला गेला, आणि ऑगस्ट २०१८ मध्यें व्होडाफोन व आयडिया एक झाल्या. तीन खासगी आणि एक सरकारी एवढेच पर्याय उरले. डिसेंबर २०१९ मध्यें, २०२१ च्या अखेरीस आणि पुन्हां जुलै २०२४ मध्यें तिन्ही खासगी कंपन्यांनीं थोड्या दिवसांच्या अंतरानें दर वाढविले. शेवटच्या वाढीनंतर कित्येकांनीं सरकारी कंपनीची वाट धरली. मुख्याध्यापकांनीं मला तो १९०० चा संदेश कसा लिहावयाचा म्हणून विचारलें. मीं लिहून दिला. तो कागद त्यांच्या चष्म्याच्या डब्यांत अद्याप तसाच घडी घालून आहे.